चंद्राची चकती

"मामा, काचेला बोट नका लावू. सेक्रेटरी साहेबांनी सांगून ठेवलंय."

नितेशने हे हळूच सांगितलं, पण सांगितलं. लवू घाडींनी बोट मागे घेतलं आणि क्षणभर त्या बोटाकडेच पाहत राहिले. याच शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. नितेश शिपाई म्हणून नवा लागला तेव्हा ॲसिडची बाटली कशी धरायची हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. आणि आज काचेच्या आत जे होतं, त्याच्यावरून हे बोट इतक्या वेळा फिरलं होतं की कागदावर त्याचा तेलकट डाग पडला होता. तो डाग काचेतूनही दिसत होता.

"अरे, पण हे फिरत नाय," लवू म्हणाले.

"कसं फिरणार? फ्रेम आहे ना."

"फ्रेम आहे ती दिसतेय मला. दोरो खंय गेलो?"

लवू रागावले की त्यांची मालवणी बाहेर यायची. नितेश कणकवलीकडचा, त्याला ते बरोबर कळलं. त्याने दाराकडे एकदा पाहिलं आणि जवळ सरकला.

"डेकोरेटरच्या पोरांनी कापला. घाण दिसत होता म्हणे. मग चकत्या सुटून खाली पडायला लागल्या, म्हणून गोंद लावला."

"गोंद?"

"पांढरा. भरपूर. आता वाट लागली तरी हलणार नाय."

हॉलमध्ये कुणीतरी शिडीवर चढून झेंडूच्या माळा बांधत होतं. मुलुंडच्या त्या मराठी शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली होती, परवा शनिवारी समारंभ होता, आणि हॉलच्या दर्शनी भिंतीवर प्रदर्शन मांडलेलं होतं. लवूंना त्याचं आमंत्रण नव्हतं. सकाळी मानसीचा फोन आला म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून भांडुपहून बस पकडून आले होते. मानसी याच शाळेची विद्यार्थिनी आणि आता इथेच विज्ञानाची शिक्षिका. "मामा, लॅबच्या कपाटात चक्र नाहीये," ती म्हणाली होती. "मला सहावीला चंद्राच्या कला शिकवायच्यात. तुम्हाला माहितीय का कुठे ठेवलंय?"

चक्र म्हणजे एका जुन्या पोथीतलं एक पान. पोथी पंचांगाच्या गणिताची, सुट्या पानांची, शाळेच्या संस्थापकांनी कोकणातल्या आपल्या घरून आणलेली. बाकीच्या पानांवर नुसते आकडे आणि श्लोक, पण या एका पानावर कागदाच्याच दोन चकत्या दोऱ्याने ओवलेल्या. ज्याने कधी पाहिलं नाही त्याला लवू ते असं समजावून सांगत: खाली पानावर सत्तावीस नक्षत्रांचं कडं काढलेलं आहे. हे झालं आकाश. त्यावर मोठी चकती सूर्याची. तिच्या कडेतून एक तांबडी जीभ बाहेर आलीय, ती ज्या नक्षत्रावर टेकते तिथे सूर्य. तिच्यावर लहान चकती चंद्राची. तिला पांढरी जीभ, आणि पोटात एक गोल खिडकी. आता चंद्र फिरव. बोटाने, हळू. खिडकीतून खालच्या चकतीवरचा काळा-पांढरा रंग सरकताना दिसतो की नाही? दोन्ही जिभा एकमेकींजवळ आल्या की खिडकी काळी. ती अमावास्या. समोरासमोर गेल्या की खिडकी पांढरीफेक. ती पौर्णिमा. मधल्या सगळ्या तिथी मधे. बस्स, एवढंच आहे. आणि एवढंच कळलं की महिनाभर रात्री वर बघायला मजा येते.

लवूंनी पुन्हा फ्रेमकडे पाहिलं. दोन्ही जिभा बरोबर वर होत्या, घड्याळात बारा वाजल्यासारख्या, एकमेकींना खेटून. आणि खिडकी पांढरीफेक होती.

असं होऊच शकत नव्हतं. दोन्ही जिभा जवळ असताना खिडकी काळीच दिसली पाहिजे. ते चष्मा कपाळावर चढवून काचेच्या अगदी जवळ गेले तेव्हा त्यांना कळलं. सूर्याची तांबडी जीभ मुळातून उपटली होती आणि चकतीच्या भलत्याच बाजूला नेऊन डकवली होती. कडेने गोंद सुकून चकाकत होता.

खाली सोनेरी अक्षरांत पाटी होती: 'सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे फिरते खगोलयंत्र.'

"फिरते," लवू मोठ्याने म्हणाले. शिडीवरच्या माणसाने वळून पाहिलं.

*

लवू प्रयोगशाळेत लागले तेव्हा ते पान कुणालाच वाचता येत नव्हतं. संस्कृतच्या बाई श्लोक वाचायच्या आणि पुढे म्हणायच्या, "बाकी काही तांत्रिक असेल." ते वाचलं विज्ञानाच्या लिओनार्ड सरांनी. सर मूळचे गोराईचे. त्यांचे वडील होडी घेऊन समुद्रात जायचे. भरती कधी, ओहोटी कधी, हे त्या घरात तिथीवरून काढत. जेवढी तिथी तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. सरांनी पान हातात घेतलं, चंद्राची चकती दोन-चार वेळा फिरवली आणि हसत सुटले. "लवू, अरे हे तर माझ्या बापाच्या डोक्यात होतं, तेच कुणीतरी कागदावर काढलंय!"

तेव्हापासून दर वर्षी सहावीचा एक तास चक्राचा. जूनमध्ये शाळा उघडली की लवू जुना दोरा काढून नवा, मेण लावलेला दोरा ओवत. खाली गाठ, वर गाठ, मधे एवढीच ढील की चकती फिरावी पण डगमगू नये. ती ढील किती ठेवायची हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते लवूंच्या बोटांत होतं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये त्यांनी कपाट उघडलं तेव्हा चंद्राच्या चकतीला कसर लागलेली होती. अर्धी चकती भुसा होऊन खाली पडली होती. लवूंना रडूच कोसळायचं बाकी होतं. लिओनार्ड सर म्हणाले, "रडतोस काय? नवी कर."

त्यांनी केली. फिल्टर पेपरच्या खोक्याचं झाकण घेतलं, उरलेल्या अर्ध्या चकतीवरून आकार गिरवला आणि कैचीने कापला. खिडकीला मात्र कैची चालेना. कडा वाकड्यातिकड्या व्हायला लागल्या. मग त्यांनी लॅबमधली, बुचांना भोक पाडायची पितळी नळी घेतली, सहा नंबरची, आणि पुठ्ठ्यावर ठेवून दाबून गोल फिरवली. खिडकी अशी स्वच्छ सुटली की सर म्हणाले, "मूळ माणसालासुद्धा नसती जमली!" रंग वेगळा दिसत होता, म्हणून लवूंनी चकती रात्रभर चहाच्या पाण्यात ठेवली. ती त्यांची हौस.

सरांनी हरकत घेतली नाही. फक्त त्यांनी पोथीचं शेवटचं पान काढून लवूंच्या पुढे धरलं. तिथे लिहिणाऱ्याने आपलं नाव, गाव आणि शक घातला होता. शके सतराशे चौतीस.

"बघ," सर म्हणाले. "याने तारीख टाकली म्हणून आपल्याला कळलं. रंग जुळव, काही बिघडत नाही. पण मागे लिही. दुरुस्ती करणाऱ्याने मागे लिहायचंच. नाहीतर उद्या कुणीतरी तुझ्या पुठ्ठ्याला जुनं समजेल आणि तू आपला लबाड ठरशील."

लवूंनी चकतीच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलं: 'चकती नवीन. पुठ्ठा. १४ जुलै १९९७. ल. घाडी.' त्यानंतर वीस वर्षं, दर जूनला दोरा बदलताना, ती पाठ ते एकदा वाचत आणि चकती पुन्हा ओवत.

आता त्या पाठीवर गोंद होता.

*

"लवूमामा! या, या. तब्येत काय म्हणते?"

सेक्रेटरी चैतन्य हे संस्थापकांचे नातू. चाळिशीचे, गोड बोलणारे. त्यांनी लवूंसाठी खुर्ची ओढली आणि चहा सांगितला. लवू बसले नाहीत. मानसी त्यांच्या मागून आत आली होती, ती दारापाशीच उभी राहिली.

"ते चक्र चुकीचं चिकटवलंय," लवू म्हणाले.

"चुकीचं म्हणजे?"

"सूर्याची जीभ उपटून दुसरीकडे लावलीय."

"हां, ते मीच सांगितलं." चैतन्य हसले. "आधी एक वर, एक खाली, असं काहीतरी होतं. फोटोत विचित्र दिसत होतं हो. चंद्र-सूर्य कसे शेजारी शेजारी पाहिजेत. जुन्या शिळांवर असतात ना, लग्नपत्रिकेवर असतात, तसे."

"मग खिडकी काळी ठेवायची."

"अमावास्या? अमृतमहोत्सवाला? काहीतरीच काय मामा."

"म्हणजे पौर्णिमा आहे, आणि सूर्य चंद्राच्या कुशीत बसलाय." लवूंचा आवाज चढला. "असा दिवस अजून उगवला नाही साहेब! सहावीतलं पोर सांगेल तुम्हाला."

"लोक एवढं बारीक बघत नाहीत."

"मग लावता कशाला भिंतीवर?"

चहा आला. चैतन्यनी कप लवूंच्या बाजूला सरकवला आणि एक छापील पुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर चक्राचा फोटो. "हे वाचा तरी. किती मान दिलाय आपण त्याला. 'खिडकीचे हे निर्दोष वर्तुळ पाहून आजचे अभियंतेही थक्क होतात.' पवईला माझा एक इंजिनीयर मित्र आहे. त्याला फोटो पाठवला होता मी. तो म्हणाला, चैतन्य, एवढं स्वच्छ भोक हाताने कापणं शक्यच नाही."

"बरोबर म्हणाला."

"नाही का?"

"हाताने नाहीच कापलं. मानसी, लॅबच्या डाव्या कपाटात, खालच्या खणात बुचाच्या नळ्या असतील. आण बघू."

मानसी गेली आणि लाकडी पेटी घेऊन आली. लवूंनी तिच्यातून एक नळी निवडली. निवडली म्हणजे शोधली नाही, हात आपोआप तिथे गेला. "चला," ते म्हणाले. आणि चैतन्य खरंच उठून त्यांच्या मागोमाग हॉलमध्ये आले, कारण त्या आवाजाला नाही म्हणायची सवय त्यांना शाळेत असल्यापासूनच नव्हती.

लवूंनी नळीचं तोंड काचेवर, बरोबर खिडकीवर धरलं. नितेश पुढे आला, पण या वेळी त्याने काही सांगितलं नाही. पितळेची कड आणि खिडकीची कड एकमेकींवर बसल्या. कुठेही केसभर फट राहिली नाही.

"फिल्टर पेपरच्या खोक्याचं झाकण आहे ते," लवू म्हणाले. "सत्त्याण्णव साली मी केलेली चकती. पाठीवर लिहून ठेवलं होतं. ते तुम्ही चिकटवून टाकलंत."

चैतन्य बराच वेळ नळीकडे बघत राहिले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे आणखी कुणाला माहितीय?"

लवूंना वाटलं होतं, ते विचारतील, आता काय करायचं. किंवा म्हणतील, अरेरे. निदान खिडकी इतकी गोल कशी जमली हे तरी विचारतील.

"लिओनार्ड सरांना माहीत होतं. ते वारले. आता मला, मानसीला, या नितेशला आणि तुम्हाला."

"मामा, नीट ऐका." चैतन्यनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सहावीची एकच तुकडी राहिलीय आपली. सत्तावीस मुलं. समोर दोन इंग्रजी शाळा झाल्यात. असं काही असलं की लोकांचं लक्ष जातं, पेपरात येतं, चार पालक आत येऊन बघतात. शाळा टिकावी असं तुम्हाला नाही का वाटत?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच लवूंना जास्त संताप आला. सत्तावीस मुलांचं नाव पुढे केल्यावर माणसाने काय बोलायचं?

"शाळा टिकायला चक्र फिरतं ठेवायचं होतं," ते म्हणाले. "पालक आले असते, पोरांनी त्यांना फिरवून दाखवलं असतं. दोन हजार वर्षं कशाला पाहिजेत? शेवटच्या पानावर शक आहे. दोनशे वर्षं होतात. दोनशे काय कमी आहेत? ज्याने लिहिलं त्याने स्वतः सांगितलंय कधी लिहिलं ते, आणि तुम्ही त्यालाच खोटा पाडता! आणि मला पण."

"तुमचं तर कुठे नावच नाहीये त्यात."

"नाव नकोच आहे. एक ओळ लावा. चंद्राची चकती नवीन, एकोणीसशे सत्त्याण्णव. संपलं. सूर्याच्या जिभेचं नंतर बघू."

"बघतो," चैतन्य म्हणाले. "बघतो मी. शनिवारी या मात्र नक्की. पुढच्या रांगेत बसायचं."

*

"म्हणजे पाटीवर तुमचं नाव पाहिजे तुम्हाला," विमला म्हणाली. ती संध्याकाळचे तांदूळ निवडत होती. भांडुपच्या चढावरच्या त्या दोन खोल्यांत गेली सदतीस वर्षं ती हेच सगळ्यात आधी विचारत आली होती: तुम्हाला नेमकं पाहिजे काय?

"नाव नको गं. तारीख पाहिजे."

"तारीख कशाला?"

लवूंनी तिला समजावून सांगितलं. उद्या, परवा, पन्नास वर्षांनी कुणीतरी शहाणा माणूस ती फ्रेम उघडेल. गोंद भिजवून चकती सोडवेल. खाली फिल्टर पेपरचं खोकं निघेल. पेन्सिलने लिहिलेलं गोंदात राहिलं नाही तर काय राहील? चहाचा रंग राहील. मग तो म्हणेल, बघा, कुणीतरी पुठ्ठा चहात बुडवून जुना म्हणून खपवला. "मी नसेन तेव्हा. सर तर नाहीतच. मेलेला माणूस खुलासा कसा करणार?"

विमलाने एक खडा वेचून बाजूला टाकला. "मग तुम्ही चहात बुडवलीच कशाला?"

लवू हळूच म्हणाले, "जुळावी म्हणून."

"तसंच ते पण म्हणतायत. जुळावं म्हणून."

"मी मागे लिहिलं होतं!" लवू एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या सोनूबाईंनी दारातून डोकावून, काय झालं, म्हणून विचारलं. "काय नाय," विमला तिला म्हणाली. "ह्येंच्या चंद्राचा काय ता चाललाहा." सोनूबाई गेल्यावर तिने सूप खाली ठेवलं. "खरं आहे," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतं."

*

शनिवारी सकाळी लवू वेळेच्या आधी पोचले आणि सरळ भिंतीपाशी गेले. पाटी तीच होती. सोनेरी, दोन हजार वर्षांची. खाली ओळ नव्हती. चिठ्ठी नव्हती. पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती. त्याऐवजी पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीवर कागद चिकटवला होता: 'श्री. लवू घाडी, सत्कारमूर्ती.'

"मामा, मला पण आत्ताच कळलं," मानसी त्यांच्या कानाशी म्हणाली. "काल मी पुन्हा बोलले साहेबांशी. ते म्हणाले, टीचर, तुम्ही शिकवण्याकडे लक्ष द्या."

"देतेसच तू," लवू म्हणाले. "बस जाऊन."

प्रमुख पाहुणे चांगलं बोलले. आवाज भरदार होता. त्यांनी चक्राबद्दल वीस मिनिटं सांगितलं आणि त्यातली दहा मिनिटं खिडकीवर घालवली. "ना यंत्र, ना वीज! आणि हे वर्तुळ बघा!" ते म्हणाले. मागच्या पडद्यावर खिडकीचा मोठा फोटो झळकला आणि टाळ्या वाजल्या. लवूंना पडद्यावर चहाचा डाग दिसला. नळी काढताना पुठ्ठ्याचा एक तंतू उसवला होता, तो दिसला. आणि बाजूला तेलकट बोटाचा ठसा दिसला, जो एकट्या त्यांचा नव्हता. सहावीच्या सव्वीस-सत्तावीस तुकड्यांतल्या पोरांचा होता. एका वर्षी त्यात मानसीही होती, दोन वेण्यांची. 'मामा, अजून एकदा फिरवू?' असं चार वेळा विचारणारी.

मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. "या प्राचीन ठेव्याचं ज्यांनी प्राणापलीकडे जतन केलं, ते आपल्या शाळेचे निवृत्त कर्मचारी…"

लवू उठले. जायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पण शेजारच्या माणसाने पाय बाजूला घेऊन वाट करून दिली होती, मागून कुणीतरी "जा मामा" म्हणालं, आणि पायऱ्यांच्या वर माईक होता. तो माईक पाहून ते चढले. दोन वाक्यं त्यांनी जुळवून ठेवली होती.

पाहुण्यांनी शाल पांघरली. नारळ हातात दिला. माईक निवेदिकेच्या हातात होता आणि ती तो घेऊन दोन पावलं मागे सरकली.

"साहेब," लवू पाहुण्यांना म्हणाले, "ती चंद्राची चकती जुनी नाही. सत्त्याण्णव साली मी केली."

टाळ्या चालू होत्या. पाहुण्यांनी कान पुढे केला.

"मी केली. चकती. पुठ्ठ्याची आहे."

"हो, हो," पाहुणे त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले. "फार मोठं काम केलंत तुम्ही. फार मोठं."

"तसं नाही साहेब…"

"इकडे बघा," फोटोवाला म्हणाला. चैतन्य मधे येऊन उभे राहिले. त्यांचा एक हात लवूंच्या पाठीवर होता. उजेड चमकला. मग त्याच हाताने लवूंना अगदी हलकेच, कुणाला दिसणार नाही इतकं हलकेच, पायऱ्यांच्या दिशेने ढकललं.

*

कार्यक्रम संपला. सगळे वडे खायला मैदानात गेले. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या, चुरगळलेल्या पुस्तिका आणि भिंतीपाशी पहाऱ्याला नितेश. लवू त्याच्याकडे गेले. मानसी मागोमाग आली.

"मामा, काचेला…" नितेशने सुरुवात केली आणि तो थांबला.

"काचेला नाय लावत," लवू म्हणाले. "पाठीमागे काम आहे."

नितेशने दाराकडे पाहिलं. मैदानातून हसण्याचे आवाज येत होते. त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, स्टूल ओढलं, वर चढला आणि फ्रेम खिळ्यावरून स्वतःच काढून दिली.

लवूंनी अंगावरची शाल काढली आणि टेबलावर चौपदरी अंथरली. काचेला चरा पडू नये म्हणून फ्रेम तिच्यावर पालथी ठेवली. मागे जाड तपकिरी कागद होता, चारी कडांना पट्टीने बंद केलेला. त्यांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. वर्षानुवर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिलेला हात होता तो, अक्षर सरळ आलं.

मानसी वाचत गेली, ते लिहीत गेले.

"चंद्राची चकती नवीन. पुठ्ठा. १४ जुलै १९९७. ल. घाडी." ती थांबली. "आणि पोथी?"

"थांब." त्यांनी पुढे लिहिलं: 'पोथी शके १७३४ ची. शेवटचे पान पाहावे.' मग जरा विचार करून, आणखी खाली: 'सूर्याची जीभ चुकीच्या जागी चिकटवली आहे. २०२४. ते काम माझे नाही.'

"कोणी केलं ते लिहू का?" मानसीने विचारलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

"नको. उघडणाऱ्याला चूक कळली म्हणजे झालं. चूक कुणाची, त्याच्याशी त्याला काय करायचंय?" त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि शेवटी तारीख घातली. १० फेब्रुवारी. माघ शुद्ध प्रतिपदा. काल अमावास्या होऊन गेली होती. आज आकाशात सूर्य आणि चंद्र खरोखरच जवळजवळ होते, दोघेही धनिष्ठेत, दोन्ही जिभा शेजारी शेजारी. फक्त खिडकी काळी असायला हवी होती. प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गोराईला पाणी चढत असेल.

"सोमवारी मुलांना काय सांगू?" मानसी म्हणाली.

"कापायला लाव. पुठ्ठे घेऊन ये म्हणावं घरून. नळी आहे आपल्याकडे." ते थांबले. "आणि मागे तारीख घालायला लाव. प्रत्येकाला."

नितेशने फ्रेम पुन्हा खिळ्यावर अडकवली. ती जरा डावीकडे कलली होती. लवूंनी मागे जाऊन पाहिलं, पुढे येऊन कोपरा उचलला, पुन्हा मागे गेले. सरळ झाली. सूर्य आणि चंद्र वर, एकमेकांना खेटून. खाली सोनेरी पाटी. मुलं मैदानातून परत येत होती आणि पहिला घोळका भिंतीच्या दिशेने धावत सुटला.

लवू क्षणभर फ्रेमसमोर तसेच उभे राहिले. मग त्यांचा हात उठला. सवयीने. तर्जनी काचेवर, बरोबर चंद्राच्या जिभेपाशी टेकली आणि हळूच डावीकडे सरकली. काचेखाली काहीच हललं नाही.

त्यांनी हात खाली घेतला, टेबलावरची शाल झटकली, नीट चौकोनी घडी घातली आणि ती खुर्चीवर, आपल्या नावाच्या कागदावर ठेवली. नारळ मानसीच्या हातात दिला. "पोरांना वाटून टाक," ते म्हणाले आणि बसस्टॉपकडे निघाले.

काचेवर बोटाचा ठसा उमटला होता, अर्ध्या चंद्राएवढा लांबट. नितेशच्या खांद्यावर फडकं होतं. त्याने ते हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरून उभा राहिला, आणि मग शेजारच्या फ्रेमची काच पुसायला लागला.